राजीनाम्यानंतरची चौकशी: लेखापालांवरील शिस्तभंग कारवाईची पार्श्वभूमी

३ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत सुरू झालेल्या एका वादाचा निकाल दिला. घोटाळ्यात सामील असल्याचा आरोप असलेल्या लेखापरीक्षकाने कारवाई चालू असताना राजीनामा दिला, तर ती कारवाई पुढे चालू शकते का, एवढाच प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले, चालू शकते. सीएंच्या, म्हणजे सनदी लेखापालांच्या, वर्तुळात तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः पाच वर्षांच्या बंदीची. त्यामागचा प्रश्न मात्र खूप जुना आहे. हिशेब तपासणाऱ्याला जाब कोणी विचारायचा, आणि तोवर तो हाती लागतो का?

मुंबईत हा व्यवसाय लवकर रुजला. सिडनहॅम कॉलेज १९१३ चे, आणि अकाउंटन्सीची सरकारी पदविका १९१८ पासूनची. १९३२ च्या नियमांनी ‘नोंदणीकृत लेखापाल’ अस्तित्वात आले, पण नोंदवही सरकारच्या हाती होती. १ जुलै १९४९ पासून सनदी लेखापाल कायदा लागू झाला आणि व्यवसायाला स्वतःची वैधानिक संस्था मिळाली. शिस्तीची सूत्रे संस्थेकडे आली तरी गंभीर प्रकरणांत शिक्षा सुनावण्याचा अधिकार उच्च न्यायालयाकडेच राहिला. १९५९ च्या दुरुस्तीनंतर दोन परिशिष्टांची घडी बसली. पहिल्या परिशिष्टातल्या गैरवर्तनासाठी संस्थेची परिषद ताकीद देऊ शकत होती किंवा पाच वर्षांपर्यंत नाव काढू शकत होती. दुसऱ्या परिशिष्टातले प्रकरण शिफारशीसह उच्च न्यायालयाकडे जाई. जाहिरात करणे किंवा आधीच्या लेखापरीक्षकाला न कळवता काम घेणे हे पहिल्यात, तर घोर निष्काळजीपणा किंवा ठाऊक असलेली महत्त्वाची बाब अहवालात दडवणे हे दुसऱ्यात. ठेवीदाराच्या आणि भागधारकाच्या दृष्टीने खरे महत्त्व दुसऱ्याचेच होते.

पुढचा टप्पा १९८६ चा, आणि तोही मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेला. शिस्तपालन समितीने चौकशी करायची, अहवाल परिषदेला द्यायचा आणि परिषदेने दोषी ठरवायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. दोषी ठरवण्याआधी परिषदेपुढे म्हणणे मांडण्याची सोय कायद्यात लिहिलेली नव्हती, शिवाय समितीवर बसलेली माणसेच परिषदेच्या बैठकीतही असत. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टींना हरकत घेतली. परिषदेने ऐकून घेतले पाहिजे, कारणे दिली पाहिजेत, आणि चौकशी करणाऱ्याने पुन्हा निवाड्याला बसू नये. पुढे अपिलात ऐकून घेतले जाईल, हे उत्तर न्यायालयाने मान्य केले नाही, कारण दोषी असल्याचा शिक्का एकदा बसला की व्यावसायिकाच्या नावाला लागलेला डाग अपिलाने पुसला जाईलच असे नाही. निकाल योग्यच होता.

२००६ च्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाला या साखळीतून बाहेर काढले. शिस्त संचालनालय आले, संचालकाचे प्रथमदर्शनी मत आले. पहिल्या परिशिष्टासाठी शिस्त मंडळ, दुसऱ्यासाठी शिस्तपालन समिती आणि वर अपील प्राधिकरण. समितीला नाव कायमचे काढण्याचा आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार मिळाला. पाच जणांच्या त्या समितीत तिघे व्यवसायातलेच होते, अध्यक्षही त्यांच्यातलाच. कारवाई व्हायची ती व्यक्तीवर. ज्या फर्मच्या लेटरहेडवर अहवाल जातो, ज्या फर्मला फी मिळते, ती फर्म शिक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली.

जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम या संगणक कंपनीचा घोटाळा उघड झाला तेव्हा ही उणीव सगळ्यांना दिसली. भांडवली बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, तिच्या लेखापरीक्षकांना नोटिसा काढल्या, आणि अशी चौकशी तो करू शकतो असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०१८ मध्ये सेबीने त्या कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये मुंबईतल्याच रोखे अपील न्यायाधिकरणाने ती उठवली, कारण लेखापरीक्षणाचा दर्जा तपासणे हे सेबीचे काम नव्हे. दहा वर्षे गेली ती अधिकार कोणाचा या एकाच वादात. मधल्या काळात कंपनी कायदा २०१३ आला. त्याच्या कलम १३२ खाली मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण ठरले होते, पण व्यवसायाच्या विरोधामुळे ते पाच वर्षे कागदावरच राहिले. अखेर १ ऑक्टोबर २०१८ ला ते स्थापन झाले. नेमक्या त्याच दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या समूहाचे संचालक मंडळ सरकारने कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडून बरखास्त करून घेतले. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते.

२०२३ च्या निकालाची सुरुवात इथे आहे. या समूहाच्या वित्त कंपनीचे हिशेब दोन मोठ्या फर्मनी तपासले होते. ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलण्याच्या नियमाने एकीची मुदत आधीच संपली होती, दुसरी पदावर होती. जून २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे कंपनी कायद्याच्या कलम १४०(५) खाली अर्ज केला. लेखापरीक्षकाने कपट केले किंवा कपटाला साथ दिली असे न्यायाधिकरणाचे मत झाले, तर ते कंपनीला लेखापरीक्षक बदलण्याचा आदेश देऊ शकते. अंतिम आदेश ज्याच्याविरुद्ध जाईल त्याला पाच वर्षे कोणत्याही कंपनीचा लेखापरीक्षक होता येत नाही. फर्म असेल तर फर्मलाही नाही. अर्ज दाखल झाल्यावर काही दिवसांतच पदावरच्या फर्मने राजीनामा दिला.

त्यानंतर युक्तिवाद आला की आता बदलायला कोणी उरलेलेच नाही. एका फर्मची मुदत संपली, दुसरी पद सोडून गेली, मग बदलाचा आदेश द्यायचा कोणाला? ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने हा मुद्दा फेटाळला आणि अर्ज चालवण्याजोगा ठरवला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २१ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, उच्च न्यायालयाने कलम घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवले, पण कारवाई मात्र रद्द केली. या कलमाचे काम पदावरच्या लेखापरीक्षकाला हटवण्यापुरते आहे; तो गेला की ते काम संपते, असा त्या निकालाचा आशय होता.

फर्मच्या बाजूचा मुद्दा हलका नव्हता, तो नीट मांडला पाहिजे. एका भागीदाराने सही केलेल्या एका अहवालासाठी संपूर्ण फर्म पाच वर्षे बाद झाली, तर तिथले शेकडो भागीदार, हजारो कर्मचारी आणि आर्टिकलशिप करणारी मुले यांचे काय? पाच वर्षे लेखापरीक्षण न करता कोणतीही मोठी फर्म टिकत नाही. शिवाय ही बंदी ठरावीक आहे. दोष किती मोठा, यावर कालावधी कमी-जास्त करण्याची मुभा कलमात नाही.

तरीही उच्च न्यायालयाच्या वाचनाचा परिणाम काय झाला असता हे पाहावे लागते. अर्ज दाखल झाल्याचे कळताच राजीनाम्याचे पत्र द्यायचे आणि चौकशीतून मोकळे व्हायचे, असा रस्ता प्रत्येक लेखापरीक्षकासाठी खुला राहिला असता. जो प्रामाणिकपणे पदावर थांबेल त्याच्यावर कारवाई, जो निघून जाईल तो सुटेल. सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. राजीनामा पुरेसा असेल तर पाच वर्षांच्या बंदीची तरतूद निरर्थक ठरते. कपट झाले की नाही हे न्यायाधिकरणाने ठरवायचे, आणि ते ठरवण्याआड राजीनामा येत नाही. त्या दिवशी दोषी कोणालाच ठरवले नाही. प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणापुढे चालवायला मोकळे झाले. माझ्या मते कायद्याचे हेच वाचन बरोबर आहे. फर्मच्या कर्मचाऱ्यांची चिंता खरी असली, तरी तिचे उत्तर कलमात दुरुस्ती करून बंदीचा कालावधी लवचिक करणे हे असायला हवे होते. चौकशीच बंद करणे हे त्यावरचे उत्तर नव्हे.

सर्वोच्च न्यायालयात हे चालू असतानाच संसदेने एप्रिल २०२२ मध्ये १९४९ चा कायदा दुरुस्त केला. शिस्तपालन समितीचा अध्यक्ष आणि बहुसंख्य सदस्य व्यवसायाबाहेरचे असावेत असे ठरले, म्हणजे तीन विरुद्ध दोन हे प्रमाण उलटे झाले. फर्मलाही दंड करण्याची तरतूद आली, व्यक्तीवरच्या दंडाची कमाल मर्यादा ५ वरून १० लाखांवर गेली. एकदा दाखल केलेली तक्रार मागे घेता येणार नाही, असेही कायद्यात आले. याकडे फार कोणाचे लक्ष गेले नाही, पण तडजोड करून तक्रार गुंडाळण्याची जुनी सवय त्याने रोखली जाऊ शकते. व्यवसायातून विरोध झाला तो अध्यक्षपद बाहेरच्याकडे गेल्याबद्दल.

कलम १३२ खालच्या नव्या प्राधिकरणाला भागीदारावर १० वर्षांपर्यंत बंदी घालता येते, आणि त्याने हाती घेतलेल्या प्रकरणात संस्थेला कारवाई करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम १३२ वैध ठरवले, पण प्राधिकरणाच्या अनेक नोटिसा रद्द केल्या. दर्जा तपासणारे आणि शिक्षेसाठी नोटीस काढणारे हात वेगळे ठेवले नव्हते. १९८६ मध्ये जुन्या संस्थेला जे सांगितले गेले तेच नव्यालाही ऐकावे लागले.

मात्र हे सगळे कंपन्यांपुरते. मुंबईतल्या मध्यमवर्गाचे पैसे सहकारी बँकांत, पतपेढ्यांत आणि हाउसिंग सोसायट्यांच्या निधीत आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपच्या पीएमसी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदार रस्त्यावर बसले, तेव्हा तिच्या लेखापरीक्षकांना पोलिसांनी अटक केली. सहकारी संस्थांसाठी महाराष्ट्राच्या कायद्याचे कलम ८१ आहे. गैरव्यवहार दिसूनही लेखापरीक्षकाने पुढची कारवाई केली नाही तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि तो नेमणुकीला अपात्र होऊ शकतो. पण तालिकेवरून, म्हणजे नेमणुकीसाठी पात्र लेखापरीक्षकांच्या यादीतून, नाव गेले म्हणजे सनद गेली असे होत नाही. सनदेला हात लावायचा तर सोसायटीच्या सभासदाला किंवा ठेवीदाराला सनदी लेखापालांच्या संस्थेच्या जुन्याच दारावर जावे लागते. २००७ च्या नियमांप्रमाणे ‘नमुना १’ भरायचा, २,५०० रुपये शुल्क भरायचे आणि पुरावे स्वतः जोडायचे. त्यातला नियम १२ ठेवीदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. गैरवर्तनाला सात वर्षांहून अधिक काळ लोटला असेल आणि आता पुरावा मिळवणे किंवा बचाव करणे अवघड झाले आहे असे संस्थेच्या शिस्त संचालकाला वाटले, तर तो तक्रार नाकारू शकतो. सहकारी बँकेतले खोटे हिशेब उघडकीला यायला अनेकदा तेवढी वर्षे सहज जातात.