आधी आवड की आधी शिबिर?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कॉलेजातल्या अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: शिबिरामुळे विद्यार्थी घडतात. मुलं सात दिवस दत्तक गावात राहतात, वनराई बंधारा घालतात, घरोघरी सर्वेक्षण करतात, रात्री पथनाट्य बसवतात. त्यांतली एखादी परत आल्यावर घरी जाहीर करते, ‘बँकेच्या परीक्षा नकोत, मी एमएसडब्ल्यू करणार, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी.’ अहवाल लिहिणाऱ्याला पुरावा मिळाला. संशोधकाची कटकट मात्र इथूनच सुरू होते. शिबिरासाठी नाव मुळात दिलं कोणी? जिला माणसांत रमायला आधीपासूनच आवडतं, तिनेच ना? वारकरी काटक असतात हे खरं. पण ते वारीने काटक झाले की काटक होते म्हणून वारीला निघाले, हे नुसती दिंडी बघून कळत नाही.

हा गुंता सोडवायचा एक मार्ग म्हणजे कॉलेजात पाऊल टाकतानाच मुलांना ‘पुढे काय व्हायचंय?’ हे विचारून ठेवायचं आणि काही वर्षांनी पुन्हा विचारायचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर ॲस्टिन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २२,२३६ विद्यार्थी होते. सुरुवातीची इच्छा हिशेबात धरूनही, कॉलेजच्या काळात समाजसेवेचं काम केलेली मुलं शेवटी समाजसेवेच्या क्षेत्रातलं करिअर जास्त प्रमाणात निवडताना दिसली. पण शंकेखोर माणूस एवढ्याने गप्प बसत नाही. प्रवेशाच्या अर्जावर न उतरलेली, मुलाला स्वतःलाही नीट न कळलेली ओढ कशी मोजणार?

याला सापडलेलं उत्तर मला फार आवडतं. ‘टीच फॉर अमेरिका’ ही संस्था नव्या पदवीधरांना दोन वर्षं गरीब वस्त्यांमधल्या शाळांत शिकवायला पाठवते. अर्जदारांना गुण दिले जातात आणि एका रेषेच्या वर असलेल्यांना निवडीची शक्यता एकदम वाढते. आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला कटऑफ समजावून सांगायला नको. विल डॉबी आणि रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञांनी फक्त रेषेच्या अगदी लगतची मुलं घेतली, थोडक्यात आत आलेली आणि थोडक्यात हुकलेली. अर्ज दोघांनीही केला होता, म्हणजे ओढ दोघांनाही होती; फरक पडला तो जवळजवळ नशिबाने. तरीही काम करून आलेले तरुण पुढे शिक्षणक्षेत्रातच राहण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि गरीब मुलंही शिकू शकतात यावरचा त्यांचा विश्वासही वाढलेला होता. म्हणजे ध्येय केवळ सोबत नेलं जात नाही, तिथे तयारही होतं. याच धर्तीवर ‘टीच फॉर इंडिया’ २००९ साली पुणे आणि मुंबईतून सुरू झाली. अर्थात दोन वर्षांची पूर्णवेळ, पगारी नोकरी वेगळी आणि डिसेंबरातले सात दिवस वेगळे. तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या शिबिराला चिकटवणं लबाडी ठरेल.

पण ध्येय तयार होतं म्हणजे डोक्यात नेमकं काय होतं? १९९४ साली रॉबर्ट लेंट, स्टीव्हन ब्राउन आणि गेल हॅकेट यांनी करिअरनिवडीचा एक सिद्धांत मांडला. त्याची मुळं आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या स्वक्षमतेच्या कल्पनेत आहेत. स्वक्षमता म्हणजे ‘हे मला जमेल’ असा एखाद्या ठरावीक कामाबद्दलचा भरवसा. आपण समजतो की आधी आवड असते आणि मग माणूस शिकतो. हा सिद्धांत सांगतो की पुष्कळदा क्रम उलटा असतो: जमतंय असं वाटू लागलं की आवड धरते आणि आवडीमागून ध्येय येतं. हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला करताना पाहणं, इतरांचं ‘तू करशील’ असं सांगणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. सर्वांत भक्कम वाट पहिली. सर्वेक्षणाच्या पहिल्या दारावर जिची बोबडी वळते, तीच संध्याकाळपर्यंत अनोळखी आजीबाईंशी पाणीटंचाईवर गप्पा मारत असते. व्याख्यान ऐकून हे घडत नाही. म्हणूनच ज्या शिबिरात मुलांच्या वाट्याला पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडणं आणि फोटोपुरतं फावडं धरणं येतं, तिथून ती रिकाम्या हाताने परततात.

मग वर्गातल्या अभ्यासाचं काय काम? माझ्या मते, बरंच. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी नमुना निवडीवरचा धडा परीक्षेपुरता पाठ करते. गावात भर दुपारी गेल्यावर तिला घरोघर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतात, कारण बाकीचे रानात गेलेले असतात. आपला नमुना गावाचा नाही, घरी राहणाऱ्यांचा आहे, हे तिला तिथे उमगतं. सार्वजनिक आरोग्यात आकडेवारीचं काम करणारी माणसं लागतात, ही शक्यताही तिच्यासमोर पहिल्यांदा उभी राहते. धडा नसता तर चूक दिसली नसती आणि गाव नसतं तर धडा कोरडा राहिला असता. ॲस्टिन यांच्या अभ्यासातही अभ्यासक्रमाला जोडलेल्या सेवेचा बराचसा फायदा अनुभवावर एकमेकांशी केलेल्या चर्चेतून येताना दिसला.

कधीकधी उलटंही होतं. रुग्णालयात मदतीला गेलेल्या मुलाला कळतं की हे आपल्याच्याने होणार नाही. घरचे हळहळतात. मला तो निव्वळ नफा वाटतो; पाच वर्षांची फी वाचली.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावं, अशी तिची अपेक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा समाजसहभागाला क्रेडिटही मिळू लागली आणि त्यासोबत सक्तीचा प्रश्न आला. आर्थर स्टुकास, मार्क स्नायडर आणि गिल क्लेरी यांनी १९९९ साली सक्तीच्या स्वयंसेवेवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. मुळात ओढ नसलेल्या विद्यार्थ्यांना काम करायला भाग पाडलं, तेव्हा पुढे स्वयंसेवा करण्याचा त्यांचा इरादा, निवडीची मोकळीक मिळालेल्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा कमी राहिला. ज्यांना आवड होतीच, त्यांना सक्तीने फारसा फरक पडला नाही. म्हणजे तोटा नेमका त्यांचा होतो, ज्यांच्यासाठी सक्ती आणली. १२० तास भरायचेच असतील, तर ते बंधाऱ्यावर घालवायचे, अंगणवाडीत की ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एवढं तरी मुलांना ठरवू द्यायला काय हरकत आहे?