रोटला मिळेल, ओटला नाही : मुंबईच्या लौकिकाची पार्श्वभूमी

मुंबईचा विषय निघाला की वाद ठरलेला. एक म्हणतो, मुंबई कुणाला उपाशी ठेवत नाही. दुसरा म्हणतो, काय उरलंय त्या मुंबईत? दहा बाय दहाची खोली, लोकलमधलं लोंबकळणं आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी, त्यापेक्षा पुणं-नाशिक बरं. दोघंही मनापासून बोलत असतात आणि दोघांकडेही पुरावे असतात. हा वाद आजचा नाही, गेल्या वीस-तीस वर्षांतलाही नाही. मुंबईतल्या गुजराती मंडळींत एक जुनी म्हण आहे: मुंबईत रोटला मिळेल, पण ओटला मिळणार नाही. भाकरीची सोय होईल, अंग टाकायला जागा मिळणार नाही. शहराची कीर्ती आणि शहराची तक्रार, दोन्ही एकाच वाक्यात. मला वाटतं, मुंबई आपल्या नावाला जागते का, हे बघायचं तर रोटल्याचा इतिहास आणि ओटल्याचा इतिहास वेगवेगळे वाचायला हवेत. आपण ते एकत्र कालवतो, म्हणून वाद संपत नाही.

कीर्तीची सुरुवात व्यापारातून झाली. पोर्तुगीजांकडून लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाकडे आलेली ही बेटं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. त्यानंतर आलेल्या जेराल्ड ऑन्जियर या गव्हर्नरने वेगवेगळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना इथे येण्याचं आमंत्रण दिलं आणि त्यांच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचं धोरण ठेवलं. पारशी, बनिया, आर्मेनियन, बोहरी, कोकणी मुसलमान असे सगळे आले ते त्यामुळे. ‘मुंबई सगळ्यांची’ या वाक्याचं मूळ तिथे आहे. त्यात औदार्य किती आणि कंपनीची गरज किती, हा प्रश्न विचारायला हवा. बंदर चालवायला माणसं हवी होती, म्हणून दार उघडं होतं. ज्यांची ही बेटं होती त्या कोळी-आगऱ्यांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

पैशाची मुंबई म्हणून नाव झालं ते १८६१ ते १८६५ या चार वर्षांत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. शहरात पैशाचा पूर आला. बँका आणि समुद्रात भरणी करणाऱ्या कंपन्या रोज निघत होत्या, शेअरचे भाव आकाशाला भिडले होते. गोविंद नारायण माडगावकरांनी मुंबईवरचं मराठीतलं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते याच भरात, १८६३ मध्ये. दोन वर्षांत अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सावकारही बुडाले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. एका रात्रीत श्रीमंत होण्याची मुंबई आणि एका रात्रीत रस्त्यावर येण्याची मुंबई, या दोन्ही कथा एकाच दशकात जन्मल्या आहेत.

पण व्यापाऱ्यांच्या या मुंबईने ‘उपाशी ठेवत नाही’ हा लौकिक दिला नाही. तो दिला गिरणगावाने, आणि या भागावर जरा थांबायला हवं.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला पहिली गिरणी उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. रत्नागिरी, सातारा, पुढे घाटावरचे इतर जिल्हे, सगळीकडून माणसं आली. कोकणातली बोटीने येऊन धक्क्यावर उतरली, घाटावरची रेल्वेने. ही माणसं एकटी येत. बायको-पोरं गावाला, शेतीचा तुकडा गावाला, आणि दर महिन्याची मनिऑर्डर हाच दोन्हींमधला धागा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या जनगणनांत मुंबईत हजार पुरुषांमागे पाचशे-सहाशे बायका दिसतात. शहर म्हणून ही काय चीज होती हे एवढ्या एका आकड्यावरून कळतं.

आता प्रश्न असा की या माणसाला उपाशी कुणी ठेवलं नाही? गिरणीने तर नाहीच. गिरणीत पहिल्या दिवशी कायम नोकरी मिळत नसे. जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, मर्जी सांभाळायची, बदली कामगार म्हणून सकाळी फाटकावर उभं राहायचं, आज कुणी खाडा केला तर काम, नाही तर परत. त्या अनिश्चित महिन्यांत माणूस तगत होता तो गावकीच्या खोलीमुळे. एका गावातल्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, भिंतीला टांगलेल्या पत्र्याच्या ट्रंका, आणि पाळीनुसार झोपायची जागा. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. ‘मुंबई कधी झोपत नाही’ असं आपण कौतुकाने म्हणतो. त्यामागे तिन्ही पाळ्या चालणाऱ्या गिरण्या होत्या आणि एकाच जागेवर आळीपाळीने झोपणारी माणसं होती.

जेवण मिळत होतं खानावळवालीकडे. हिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. स्वतःच्या त्याच एका खोलीत चूल मांडून दहा-पंधरा, कधी वीस गड्यांना दोन वेळचं वाढणारी बाई. पैसे पगाराच्या तारखेला. पगार झाला नाही तर उधारी पुढच्या महिन्यावर, आणि दरम्यान वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. संप झाला की कामगाराआधी ही बाई बुडायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या कामाची व्यवस्था म्हणून दखल घेतली गेली. मुंबई कुणाला उपाशी ठेवत नाही, या वाक्यातली मुंबई म्हणजे लालबाग-परळच्या चाळींतल्या या बायका आहेत. श्रेय शहराच्या नावावर जातं आणि त्या राहून जातात, याचं मला वाईट वाटतं.

ओटल्याचा इतिहास पहिल्यापासूनच वेगळा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास आली. मुंबई सोडून जाण्याची भाषा आज होते तशी तेव्हाही होत होती, आणि तेव्हा तर लोक खरोखर गेले होते. प्लेगचं खापर अंधाऱ्या, कोंदट चाळींवर फुटलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमद अली रोड, उत्तरेला दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याची कामं. रस्ते रुंद झाले, हवा खेळली. ज्यांची घरं त्या रुंदीत गेली, त्यांतल्या गरिबांना मात्र तेवढ्या खोल्या मिळाल्या नाहीत. ते शेजारच्या चाळीत घुसले आणि तिथली गर्दी वाढली.

मग १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) काढलं. बीडीडी चाळी त्याच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. ठरवल्या होत्या पन्नास हजार खोल्या, बांधून झाल्या सोळा हजारांच्या आसपास. मुंबईत कामगारांच्या घरांची योजना म्हणून जे जे पुढे आलं, त्यात घोषणा आणि बांधकाम यांच्यातली ही तफावत पुन्हा पुन्हा दिसते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं, ते गरजेचंही होतं. पण भाड्याच्या नव्या चाळी बांधणं घरमालकांनी थांबवलं, जुन्यांची डागडुजी सोडून दिली आणि पागडीचा, म्हणजे खोली मिळवायला आधी मोजायच्या एकरकमी पैशांचा, बाजार फोफावला. ज्याच्याकडे पागडीचे पैसे नव्हते त्याने झोपडी बांधली किंवा गाडी धरून उत्तरेकडे सरकला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेवरची गाडी सुरू झाली होती. लोकल हा मुंबईचा अभिमान आहेच, पण घर आणि काम यांतलं अंतर या शहराने घरं बांधून कमी केलं नाही, गाड्या वाढवून निभावलं, हेही त्या अभिमानाबरोबर सांगायला हवं.

शाहिरांनी हा वाद फार आधी फडावर आणला होता. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईच्या वैभवाचं वर्णन केलं. वाटेगावहून आलेल्या, गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच विषयावर आपली लावणी रचली आणि मलबार हिलसमोर परळ उभं केलं. मुंबई नावाला जागते की नाही, याचं उत्तर तुम्ही कुठल्या टेकडीवरून किंवा कुठल्या चाळीतून बघता यावर अवलंबून आहे, हे अण्णा भाऊंनी सांगितल्यानंतर त्यात नवीन भर घालणारं मी तरी फारसं वाचलेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्रश्नाला वेगळं वळण मिळालं. मुंबई ज्यांच्या भांडवलावर उभी राहिली त्यांची की ज्यांच्या घामावर उभी राहिली त्यांची, असा तो वाद होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, चळवळीत शंभरावर माणसं हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यात गिरणगाव आघाडीवर होतं. राज्य मिळालं. घराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो सर्वोच्च न्यायालयात पोचला १९८१ मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही माणसं फुटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ आहे. आणि त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन महापालिका त्यांना हटवू शकते, असंही म्हटलं. गुजराती म्हणीतला रोटला-ओटल्याचा तिढा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवला, असंच मी या निकालाकडे बघतो.

याच काळात रोटल्यालाही तडा गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि अर्धशिक्षित माणसाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि पेन्शनची आशा देणारी नोकरी शहरातून नाहीशी झाली. काम आजही मिळतं. सुरक्षा रक्षकाचं, घरपोच सामान पोचवण्याचं, हातगाडीचं. पण त्या कामाच्या जोरावर मुलाला शिकवून वर काढण्याची जी हमी गिरणीच्या पासबुकात होती, ती त्यात नाही.

जमिनीचं काय झालं, ते तर डोळ्यांसमोर आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग सुचवले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, एक मालकाला. सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष मिळालेली घरं काही हजारांत आहेत. शहराला शंभर वर्षांत ओटला देण्याची जी सर्वांत मोठी संधी चालून आली होती, ती अशी गेली. मुंबईवर माझा राग कुठे असेल तर तो इथे आहे.

‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द रूढ झाला तो नंतर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, रस्त्यावर बिस्किटं-पाणी वाटलं. पुढच्या वर्षी, ११ जुलैला, लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या. पहिल्या घटनेतलं कौतुक शंभर टक्के खरं आहे. दुसरीबद्दल मुंबईकरच म्हणू लागले की आम्ही धैर्याने नाही, नाइलाजाने गाडीत चढलो; खाडा परवडत नाही. मला दोन्ही बाजू पटतात. मदतीची ती सवय लोकांनी गावकीच्या खोलीतून आणि चाळीच्या गॅलरीतून आणलेली आहे. तिच्या आड नाले, मिठी नदी आणि रेल्वे यांची जबाबदारी असलेल्यांनी लपणं मात्र चुकीचं आहे. उपनगरी रेल्वेवर आजही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात.

बाहेरच्यांनी घेतलेल्या परीक्षांतही मुंबईचं असंच आहे. २००६ मध्ये रीडर्स डायजेस्टने जगातल्या पस्तीस शहरांत सौजन्याची चाचणी घेतली, त्यात मुंबई शेवटची आली. २०१३ मध्ये त्याच मासिकाने शहराशहरांत बारा-बारा पाकिटं मुद्दाम पाडली. मुंबईत त्यांतली नऊ परत आली आणि हेलसिंकीखालोखाल दुसरा क्रमांक लागला. दार धरून उभं राहणार नाही, पण दुसऱ्याचं पाकीट ठेवून घेणार नाही. मुंबईकर ओळखणाऱ्याला यात विसंगती दिसणार नाही.

सध्याची स्थिती आकड्यांत अशी. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे उपनगरं सोडून उरलेल्या मुंबईची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाखांच्या पुढे होती, २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या आत आली. गिरगाव, लालबाग, परळ रिकामं होऊन डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलं ते या आकड्यात दिसतं. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, चाळी बांधल्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी. पुढची जनगणना २०२७ ची आहे. मुंबईत राबून ठाणे-पालघर जिल्ह्यांत झोपायला जाणाऱ्यांचा आकडा त्यात किती फुगतो, आणि बीडीडीसारखी किती कुटुंबं शहरातच टिकतात, ते तेव्हा मोजता येईल.