रिसोर्स कन्सेंटची अंमलबजावणी आणि प्रादेशिक परिषदा (न्यूझीलंड)

नदीतून पाणी उचलणे, सांडपाणी सोडणे, धुराडे चालवणे, नदीपात्रात किंवा किनाऱ्यावर बांधकाम करणे अशा कामांसाठी न्यूझीलंडमध्ये स्थानिक शासनाकडून घ्यावी लागणारी परवानगी म्हणजे ‘रिसोर्स कन्सेंट’. पाणी, हवा आणि किनारा यांबाबतच्या संमत्या प्रादेशिक परिषदा देतात. अटी पाळल्या जातात की नाही हे त्याच तपासतात आणि प्रदेशातील नद्या, भूजल व हवा यांची नियमित मोजणीही त्यांच्याकडेच असते. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना देते त्या संमतीपत्राशी याचे जवळचे नाते आहे. मात्र आपले मंडळ सरकारने नेमलेले असते, तिथली परिषद लोकांनी निवडून दिलेली. तिथल्या व्यवस्थेची बरीचशी बलस्थाने आणि बरीचशी दुखणी या एका फरकात आहेत.

१९८९ साली न्यूझीलंडने स्थानिक शासनाची मोठी फेररचना केली. पूर, बंदरे, कीडनियंत्रण अशा एकेका कामासाठीची मंडळे धरून सुमारे ८५० संस्था होत्या, त्या ८६ वर आल्या. प्रादेशिक परिषदांच्या सीमा आखताना मुख्यतः नद्यांची पाणलोट क्षेत्रे पाहिली गेली, त्यामुळे डोंगरातल्या उगमापासून मुखापर्यंतची नदी बहुधा एकाच परिषदेच्या ताब्यात राहते. आज अशा ११ परिषदा आहेत. ऑकलंड, गिसबर्न, नेल्सन, टास्मन आणि मार्लबरो येथे नगर आणि प्रदेश अशी दोन्ही कामे एकच संस्था पाहते.

या साऱ्याचा कायदेशीर पाया म्हणजे १ ऑक्टोबर १९९१ पासून लागू झालेला रिसोर्स मॅनेजमेंट अ‍ॅक्ट. त्याची मांडणी मोठी मार्मिक आहे. जमिनीच्या बाबतीत नियमाने मनाई नसेल ते करायला मोकळीक. पाणी उचलणे आणि सांडपाणी सोडणे यांच्या बाबतीत मात्र उलट, नियमाने किंवा संमतीने मुभा दिली नसेल तर मनाई. पाण्याची आणि विसर्गाची संमती जास्तीत जास्त ३५ वर्षांची असते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुनीच संमती चालू राहते. निर्णय रेंगाळला की जुन्या काळच्या सैल अटींवरच काम चालते. कायद्यातली ही पळवाट नव्हे, सरळ तरतूदच आहे.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते दुग्धव्यवसायात नीट दिसते. शेकडो गाई दिवसातून दोनदा दोहनगृहात येतात आणि त्यांच्या मागे शेण-मूत धुऊन काढलेले पाणी उरते. ते तळ्यात साठवून फिरत्या फवाऱ्याने कुरणावर पसरतात. तपासनीस आला की आधी तळे काठोकाठ भरले आहे का ते पाहतो, मग फवाऱ्यामागे चालत जातो. फवारा एका जागी अडकला असेल किंवा जमीन आधीच ओलीचिंब असेल, तर गवतात हिरवट-तपकिरी डबकी साचतात. ती उताराने ओढ्याकडे निघाली की प्रकरण गंभीर. वायकाटो प्रदेशात अशी पाहणी हेलिकॉप्टरमधूनही केली गेली आहे, आणि शेतकऱ्यांना ती अर्थातच रुचली नाही. तपासणीचा खर्च संमतीधारकाकडून वसूल होतो. उलट, ज्या कामाला संमती लागत नाही, केवळ नियम पाळले की भागते, त्याच्या तपासणीचे पैसे वर्षानुवर्षे बहुधा परिषदेच्याच खिशातून गेले. साहजिकच तिकडे फारसे कोणी फिरकत नसे.

पाण्याच्या उपशाला आता मीटर आहे. सेकंदाला ५ लिटर किंवा अधिक उपसा करणाऱ्या संमतीधारकांना २०१० च्या नियमांनी मोजमाप सक्तीचे केले. २०२० च्या दुरुस्तीने दर १५ मिनिटांची नोंद आणि ती रोज परिषदेकडे आपोआप पाठवणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक ठरले.

ओढ्याची प्रकृती मात्र केवळ यंत्राने कळत नाही. गमबूट घातलेला कर्मचारी प्रवाहात जाळी धरतो, जाळीच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळतो आणि वाहून आलेले किडे बाटलीत भरतो. स्वच्छ, थंड पाण्यातच तग धरणाऱ्या मेफ्लायच्या अळ्यांना जास्त गुण, घाणीतही तगणाऱ्या कृमींना कमी. त्यावरून जो निर्देशांक निघतो तो ८० च्या खाली गेला की ओढा ‘वाईट’ समजतात. ही पद्धत १९८० च्या दशकात टारानाकी प्रदेशातील ओढ्यांवर बेतली गेली. पोहण्याच्या जागी १०० मिलिलिटर पाण्यात ५५० पेक्षा जास्त ई. कोलाय जिवाणू आढळले तर लोकांना सावध केले जाते. देशभरातील हे आकडे २०१४ पासून ‘लावा’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

अट मोडल्यास प्रथम पत्र, मग दंडाची पावती किंवा काम थांबवण्याची नोटीस, त्यापुढे न्यायालयाचा आदेश किंवा खटला. १९९९ च्या नियमांनी ठरलेला जागेवरचा दंड ३०० ते १,००० डॉलर होता. मोठ्या डेअरीला तो चिल्लरच. खटल्यात कंपनीला ६ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकत असे, आणि २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा आणखी वाढवली.

पण खटला भरायचा कोणी ठरवायचे? ग्रामीण परिषदांत निवडून येणारे अनेकदा स्वतः शेतकरी असतात, आणि आरोपी त्यांचा शेजारी असू शकतो. महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये चार परिषदांची पाहणी करून सांगितले की खटल्याच्या निर्णयात लोकप्रतिनिधींनी पडू नये. दुसरी अडचण अशी की मैलाशुद्धीकरण केंद्रे आणि नळयोजना चालवणाऱ्या नगर व जिल्हा परिषदा स्वतःच मोठ्या संमतीधारक आहेत, म्हणजे एका सरकारी संस्थेने दुसरीवर नजर ठेवायची.

हॅवलॉक नॉर्थमध्ये नेमके हेच अंगाशी आले. ऑगस्ट २०१६ मध्ये मेंढ्यांच्या लेंड्यांमुळे दूषित झालेले पाणी गावाच्या बोअरमध्ये शिरले आणि सुमारे १४,००० वस्तीच्या गावात अंदाजे ५,५०० माणसे आजारी पडली. काही मृत्यूही त्याच्याशी जोडले गेले. हॉक्स बे प्रादेशिक परिषदेने संमतीच्या अटी मोडल्याबद्दल गावाची नळयोजना चालवणाऱ्या हेस्टिंग्ज जिल्हा परिषदेवर खटला भरला आणि पुढे मागे घेतला. चौकशीत ठपका दोघींवर आला. भूजलाची राखण ही प्रादेशिक परिषदेची जबाबदारी होती, त्यात ती उणी पडली.

केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्याचेही उदाहरण आहे. २०१० मध्ये कँटरबरी प्रादेशिक परिषदेच्या निर्वाचित सदस्यांना हटवून प्रशासक नेमले गेले, आणि पूर्णतः निर्वाचित परिषद परतली ती २०१९ मध्ये. कायद्याचेही तसेच हेलकावे झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर झाला, आणि सत्ताबदल होताच डिसेंबरमध्ये तो रद्द होऊन जुनी व्यवस्था परत आली. २०२५ च्या अखेरीस सरकारने पुन्हा दोन नवी विधेयके मांडली, आणि प्रादेशिक परिषदांचे निवडून आलेले सदस्य काढून त्यांचे काम त्या प्रदेशातील महापौरांच्या मंडळाकडे देण्याचा प्रस्तावही ठेवला. हे महापौर ज्या नगर व जिल्हा परिषदांचे प्रमुख, त्यांच्याच नावावर मैल्याच्या आणि पाण्याच्या संमत्या आहेत.