तापीतले भोवरे आणि समुद्रातले हिरवे ठिपके

खान्देशाला समुद्र नाही. तरी श्रावणात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीच्या पुलावर थांबून खाली बघावं. खांबामागे खोलीएवढा भोवरा सुटतो, पुढे त्याचे घमेल्याएवढे तुकडे पडतात, मग वाटीएवढे, आणि शेवटी ते गढूळ पाण्यातच जिरतात. सुरतेपलीकडे हे पाणी अरबी समुद्राला मिळतं, आणि तिथेही हाच खेळ चालतो.

या तुकड्यांचा हिशेब आंद्रेय कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४१ मध्ये मांडला. पाण्याच्या तापमानाला तो कसा लागू पडतो, ते ओबुखोव्ह (१९४९) आणि कॉर्सिन (१९५१) यांनी दाखवलं. सूत्र राहू द्या, मतलब सोपा आहे. घुसळलेल्या पाण्यात दोन जागांच्या तापमानातला फरक सरासरीने अंतराच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. एका मीटरवर जेवढा फरक, त्याच्या दुप्पट हवा तर आठ मीटर जावं लागतं. दहापट हवा तर हजार मीटर, अर्थात घुसळण तिथवर एकाच जातीची असेल तर!

समुद्रातले हिरवे ठिपके म्हणजे प्लवकांची दाटी, आणि प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. त्यातल्या हिरव्यांमधलं हरितद्रव्य निळ्या प्रकाशात लालसर चमकतं, म्हणून ते मोजता येतं. ट्रेव्हर प्लॅट या समुद्रशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात ते मोजलं, तर चढउतार घुसळणीच्याच नियमाला धरून निघाले. म्हणजे थोड्या अंतरात हे जीव चहातल्या साखरेसारखे नुसते ढवळले जातात.

मोठ्या अंतरावर मात्र गोष्ट बदलते. मोठा भोवरा विरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या दिवसाभरात एका पेशीच्या दोन होऊ शकतात. वाढ ढवळणीला भारी पडली की हिरव्या प्लवकांचे चढउतार तापमानाच्या चढउतारांपासून फुटून वेगळ्या वाटेने जातात. कियरस्टेड आणि स्लोबोडकिन या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच गणिताने सांगितलं होतं, की प्लवकांचा ठिपका ठरावीक आकाराहून लहान असेल तर कडेकडेने विरून संपतो, मोठा असेल तर फोफावतो.

आणखी एक भानगड आहे. भरितात मिरची नीट ठेचली गेली नाही, की नऊ घास मवाळ लागतात आणि दहाव्याला डोळ्यांतून पाणी येतं. अशा भरिताचा ‘सरासरी तिखटपणा’ काढून काय करणार? प्लवकांचंही तसंच. बरंचसं पाणी विरळ आणि मध्येच एखादी दाट गाठ. त्यांच्यावर जगणाऱ्या इवल्या जीवांना ती गाठच गाठावी लागते. म्हणून बाटलीभर नमुना घेऊन भागत नाही, यंत्र पाण्यात ठेवून क्षणाक्षणाला मोजत राहावं लागतं.