वांग्यातलं जनुक आणि वांग्यातलं प्रथिन

2015 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीने ग्राहकांना विचारलं, की ज्या खाद्यपदार्थांत डीएनए आहे त्यांच्या पाकिटावर तसं छापणं सक्तीचं करावं का? 80 टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले. आपण हसायची घाई करू नये. बीटी वांगं म्हणजे एका जिवाणूचं कीड मारणारं जनुक घातलेलं वांगं. 'ते खाल्लं की ते कीड मारणारं जनुक आपल्या अंगात शिरतं' हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय, आणि तेही साध्या वांग्याचं भरीत हाणताना. त्या भरतातही वांग्याची हजारो जनुकं होती. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा होता, आणि कांद्याचा जीनोम, म्हणजे एका पेशीतला डीएनएचा पूर्ण संच, तर माणसाच्या जवळपास पाचपट मोठा.

या भीतीत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. जनुक म्हणजे डीएनएच्या धाग्यावरचा मजकूर. प्रथिन म्हणजे त्या मजकुराबरहुकूम पेशीने तयार केलेली वस्तू. वांगं खाताना दोन्ही पोटात जातात, पण तिथे दोघांची गत सारखी होत नाही.

आधी जनुकाचं बघू. रोजच्या जेवणातून साधारण 0.1 ते 1 ग्रॅम डीएनए आणि त्याचा भाऊबंद आरएनए आपण खातो. भाकरी, डाळ, मासे, कोथिंबीर, जिथे पेशी तिथे डीएनए. शिजवताना त्याचे तुकडे पडायला लागतात, जठरातलं आम्ल त्याला आणखी खिळखिळं करतं आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेली विकरं त्याचा भुगा करतात. शेवटी उरतात ती सुटी अक्षरं. वांग्याची, बोंबलाची आणि आपली अक्षरं तीच चार, त्यामुळे कुठलं अक्षर कुठून आलं हे शरीराला कळायचं कारणच नाही. रद्दीवाल्याच्या तराजूला पंचांग काय नि प्रेमपत्रं काय, सगळं सारखंच. तो फक्त वजन बघतो. आतडंही तेच करतं.

आणि वजनाचा परिणाम मात्र होतो. या अक्षरांपैकी दोन प्युरीन गटातली असतात आणि त्यांचा शेवट युरिक ॲसिडमध्ये होतो. ते लघवीवाटे नीट बाहेर पडलं नाही, की पायाच्या अंगठ्यात सुया टोचल्यासारखा गाऊट उसळतो. म्हणून डॉक्टर कलेजी, गुर्दा, तारली कमी करायला सांगतात. त्यात पेशी दाटीवाटीने असतात किंवा प्युरीन मुळातच भरपूर असतं. अंड्याला मात्र सहसा हरकत नसते, कारण एवढ्या मोठ्या पिवळ्या बलकात डीएनए नावापुरताच. जेवणातल्या डीएनएने शरीरावर ठळक परिणाम केल्याचं हे रोजचं उदाहरण, पण त्यात मजकुराचा काही संबंध नाही. बीटी वांग्याला घाबरणारे माझे एक काका युरिक ॲसिड वाढलेलं असताना तळलेल्या तारल्या सोडत नाहीत. त्यांना हे सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

भुगा शंभर टक्के होतो का? नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. 1990 च्या दशकात जर्मनीत कलोन विद्यापीठात उंदरांना एका विषाणूचा डीएनए खाऊ घातला, तेव्हा त्याचे छोटे तुकडे त्यांच्या रक्तात सापडले. 2004 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने सात जणांवर प्रयोग केला. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या लहान आतड्याचं टोक पोटावरच्या पिशवीत उघडत होतं, त्यामुळे तिथवर काय शाबूत पोचतं ते मोजता आलं. त्यांना जनुकीय सुधारित सोयाबीन खायला दिलं. बाहेरून घातलेल्या जनुकाचा काही भाग तिथवर टिकला होता, जास्तीत जास्त 3.7 टक्के. ज्यांचं मोठं आतडं शाबूत होतं अशा इतर लोकांच्या विष्ठेत मात्र तो मिळाला नाही. सातपैकी तिघांच्या आतड्यातल्या जिवाणूंत ते जनुक प्रयोगाच्या आधीपासूनच अगदी अल्प प्रमाणात होतं. प्रयोगामुळे ते वाढलं नाही.

जिवाणूंचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत रोचक वाटतो. जपानी लोक सुशीला गुंडाळतात ते नोरी हे समुद्री शेवाळ. ते पचवणाऱ्या विकराचं जनुक मुळात समुद्रातल्या जिवाणूंचं. 2010 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं, की ते जपानी माणसांच्या पोटातल्या जिवाणूंमध्येही आहे. बहुधा शेवाळाबरोबर पोटात गेलेल्या जिवाणूंकडून ते पिढ्यान्‌पिढ्यांत तिकडे सरकलं असावं. तरीही ते एका जिवाणूकडून दुसऱ्या जिवाणूकडे गेलं. माणसाच्या पेशीत गेलं नाही.

आरएनएचीही एक हवा झाली होती. भातातला एक सूक्ष्म आरएनए माणसाच्या रक्तात सापडतो आणि कोलेस्टेरॉलच्या कामात ढवळाढवळ करतो, असं चीनच्या नानजिंग विद्यापीठाच्या गटाने 2012 मध्ये छापलं. इतरांनी तपासून पाहिलं तर हाती फारसं काही लागलं नाही.

आता प्रथिन. इथे मजकूर नाही, तयार वस्तू आहे, आणि वस्तू काम करते. एरंडाच्या बीत रायसिन हे जहाल विषारी प्रथिन असतं, पण त्याच बियांचं एरंडेल आजीने आपल्याला नाक दाबून पाजलेलं असतं. कारण रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. राजम्याचं तसंच. त्यातलं एक प्रथिन इतकं चिवट, की चार-पाच दाणे कच्चे किंवा अर्धे कच्चे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. खळखळून उकळलं की ते निकामी होतं. दोन्ही वनस्पती निसर्गाच्याच, कुठल्याही प्रयोगशाळेने त्यांना हात लावलेला नाही. शेंगदाण्याची ॲलर्जीही प्रथिनांचीच, त्यातली काही तर पचनाला दाद न देणारी.

म्हणून जनुकीय सुधारित पिकाबाबत विचारायचा प्रश्न 'जनुक घातलंय का' एवढाच नाही. त्या जनुकाने काय बनवलंय, हा आहे. पायोनिअर या अमेरिकी बियाणे कंपनीने सोयाबीनचं पोषणमूल्य वाढवायला त्यात ब्राझील नटचं एक जनुक घातलं होतं. नेब्रास्का विद्यापीठात तपासणी झाली आणि ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या नऊपैकी आठ जणांच्या रक्तद्रवाने त्या सोयाबीनमधलं नवं प्रथिन ओळखलं. 1996 मध्ये हे छापून आलं. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. त्याउलट स्टारलिंक मक्याचं झालं. त्यातलं क्राय9सी प्रथिन पचनात तग धरतं अशी शंका असल्याने तो फक्त जनावरांच्या खाद्यासाठी आणि औद्योगिक वापरासाठी मंजूर होता. 2000 मध्ये तो अमेरिकेतल्या दुकानांतल्या टाकोंमध्ये सापडला आणि माल परत मागवावा लागला. तक्रार केलेल्या 28 जणांचं रक्त सरकारी यंत्रणेने तपासलं, त्यात या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही.

जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्यात क्राय1एसी हे कीड मारणारं प्रथिन आहे. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते कामाला लागतं आणि तिथल्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटून आतड्याला भोकं पाडतं. आपल्या जठरात आम्ल आहे, आणि ते ग्राहक आपल्या आतड्यात सापडलेले नाहीत. ऑक्टोबर 2009 मध्ये जीईएसीने, म्हणजे जनुकीय पिकांची छाननी करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने, या वांग्याला हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. बांगलादेशात ते 2014 पासून शेतात आहे. आपल्याकडच्या वादात वांग्याच्या देशी वाणांचं काय, बियाणं कोणाच्या मुठीत, किती काळ चाचण्या हव्यात, हे मुद्दे होते आणि ते मला वजनदार वाटतात. जनुक अंगात शिरण्याची भीती मात्र त्यांच्यात उगाच मिसळली गेली.

बीटी कापूस तर आपल्याकडे 2002 पासून आहे आणि सरकीचं तेल कित्येक फरसाणवाल्यांच्या कढईत असतं. रिफाइंड तेलात डीएनए आणि प्रथिन दोन्ही जवळपास शून्य. पेंडीत मात्र दोन्ही असतात, आणि ती जाते गाईम्हशींच्या गव्हाणीत. चाऱ्याबद्दलही तपासण्या झाल्या आहेत. बीटी मका खाल्लेल्या गाईंच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जर्मन संशोधकांना 2001 मध्ये डीएनएचे बारीक तुकडे मिळाले खरे, पण ते मक्याच्या हरितलवकांचे होते. हरितलवकांच्या जनुकांच्या प्रती एकेका पेशीत शेकड्याने असतात, त्यामुळे सापडायच्या तर त्याच आधी सापडतात. बीटी जनुकाचा तुकडा त्यांना मिळाला नाही.