मोटारसायकलस्वाराचे चामडी कपडे (खानदेश)

गाडीवरून पडल्यावर डांबरावर कातडी सोलली जाऊ नये आणि सांध्यांना बसणारा मार कमी व्हावा, यासाठी वापरायचे चामड्याचे जॅकेट, पँट, हातमोजे व बूट. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत दुचाकी घरोघरी असली, तरी असे कपडे क्वचितच अंगावर दिसतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटची सक्ती करते. बाकी अंगाचे ज्याने त्याने पाहायचे. खरी अडचण उन्हाची आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अशा वेळी चामडे अंगात घालणे लोकांना वेडेपणा वाटतो.

हा समज अर्धाच खरा आहे. हवा शरीरापेक्षा गरम झाली की अंगावर येणारा वारा थंडावा देत नाही, उलट भाजतो आणि घाम भराभर सुकवतो. म्हणूनच इथला शेतकरी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि कान रुमालाने बांधतो. छाती-पाठीला बारीक छिद्रे पाडलेले चामडे आणि आत ओला सुती बनियन हा त्याच शहाणपणाचा पुढचा टप्पा आहे. मात्र सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी थांबल्यावर जॅकेट उघडलेच पाहिजे. दुपारी लू (उन्हाळ्यातला तापलेला वारा) सुटल्यावर लांबचा प्रवास टाळावा. लळिंग, औट्रम किंवा तोरणमाळचा घाट पहाटे गाठावा.

निवड करताना पहिला प्रश्न जाडीचा. गाडीसाठीचे गाईचे किंवा म्हशीचे चामडे साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर असते. फॅशनचे जॅकेट पुष्कळदा १ मिलिमीटरहूनही पातळ निघते आणि घसरताना चटकन फाटते. कातड्याचा वरचा, मूळ दाणा राखलेला थर सर्वांत चिवट. खालच्या थरावर रंगाचा लेप दिलेला माल स्वस्त पडतो, पण ताकदीला कमी. रेक्झिन तर या कामाचे नाहीच.

दुकानात जॅकेट हाती आले की खांद्याची शिवण दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना ताणून उजेडासमोर धरावी. टाक्यांतून उजेड दिसला, तर ते परत ठेवावे. चामडे कितीही चांगले असले तरी शिवण उसवली की सगळे व्यर्थ. खांदा, कोपर यांवर दुहेरी-तिहेरी शिलाई हवी. मग ते घालून आपल्याच गाडीवर बसावे, हँडल धरावे आणि कोपराचे पॅड (मार शोषणारी गादी) बोटांनी ढकलून पाहावे. ते सरकत असेल तर पडताना कोपरावर राहणार नाही. नवे चामडे वापराने सैल होते, म्हणून सुरुवातीला थोडे घट्टच घ्यावे, पण श्वास अडेल इतके नव्हे.

मोटारसायकलस्वाराच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकात, ईएन १७०९२ मध्ये, एएए हा वरचा, एए मधला आणि ए त्याखालचा दर्जा आहे. पॅडसाठी ईएन १६२१ पाहावे. त्यात दुसरी पातळी पहिलीपेक्षा मार अधिक शोषते. पाठीचे पॅड बऱ्याच जॅकेटांत नुसत्या फोमचे असते, ते बदलून घ्यावे.

पैसे बेताचे असतील तर आधी हातमोजे घ्यावेत. पडणारा माणूस हात पुढे टाकतोच, आणि तळहात सोलला की घास भरवायलाही दुसरा लागतो. मनगटाला पट्टा असलेलाच मोजा घ्यावा. पट्टा आवळून बोटांकडून ओढला तर तो निघता कामा नये. त्यानंतर घोटा झाकणारे बूट. चपलेवर गाडी चालवण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे, आणि ती घातक आहे.

पावसात भिजलेले चामडे चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळवू नये, ते कडक होऊन तडकते. सावलीत, रुंद हँगरवर वाळवावे आणि सुकल्यावर चामड्याचे क्रीम हलक्या हाताने चोळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तर श्रावणापर्यंत बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवलेले बरे.