हरळी की क्रॅबग्रास? उपटण्याआधी जरा वाकून बघा

उत्तर व्हर्जिनियात घर घेतलं तेव्हा घराबरोबर लॉनही पदरात पडलं. ते हवंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. गवताला खत घालायचं, पाणी द्यायचं, ते वाढलं की दर शनिवारी मोअर फिरवून कापायचं. दावणीला गुरं नाहीत, परड्यात गंजी नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा व्यवहार कळायला जड जातो. मला अजून कळलेला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात एचओएचं पत्र आलं. (एचओए म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच, फक्त इथे ते तुमच्या अंगणात येऊन पट्टी लावतात.) ‘समोरच्या लॉनमध्ये क्रॅबग्रास आहे, चौदा दिवसांत काढा.’ दोन शनिवार गुडघे टेकून उपटत बसलो. पत्रपेटीजवळचं गवत एका हिसक्यात मुळासकट आलं. ड्राइव्हवेच्या कडेचं मात्र वरच्यावर तुटायचं, आणि खाली पांढरट सुतळीसारखं काहीतरी काँक्रीटखाली शिरलेलं दिसायचं. तीन आठवड्यांत तिथे आधीपेक्षा दाट गवत उभं. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती हसायलाच लागली. “अरे, ही हरळी. हिला हातानं उपटतोयस होय?”

पत्रपेटीपाशी होतं ते क्रॅबग्रास, ड्राइव्हवेपाशी होती ती हरळी. एचओएच्या लेखी दोन्ही एकच. पण हा फरक ज्याला कळत नाही, तो दुप्पट राबतो आणि हाती काही लागत नाही. हे लिहितोय ते लॉनच्या प्रेमापोटी नाही, शनिवार वाचावेत म्हणून.

हरळी म्हणजेच दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. अमेरिकेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, आणि आमच्या व्हर्जिनियात जुनी माणसं वायरग्रास म्हणतात. ओढून बघितलं की हे दुसरं नाव लगेच पटतं. क्रॅबग्रास हे डिजिटेरिया या गटातलं. खेकड्यानं पाय पसरावेत तसं मधल्या गड्ड्यापासून चहूबाजूंनी आडवं पसरतं, म्हणून ते नाव. पश्चिम आफ्रिकेत याच गटातलं फोनिओ धान्य म्हणून पेरतात आणि आवडीनं खातात. इथे चुलतभावाला नोटीस येते.

गोंधळ होतो तो मुख्यतः तुऱ्यांमुळे. दोघांचेही तुरे हाताच्या बोटांसारखे फाकलेले. पण एक तुरा खुडून डोळ्यांजवळ धरा. हरळीची सगळी बोटं, बहुधा तीन ते सात, दांड्याच्या शेंड्यावर एकाच बिंदूतून फुटतात. क्रॅबग्रासची बोटं दांड्यावर थोडी खालीवर, वेगवेगळ्या जागी बसलेली असतात. तुरा आला नसेल तर पान बघा. हरळीचं पान अरुंद, दोनचार मिलिमीटरचं, निळसर झाक असलेलं. क्रॅबग्रासचं त्याच्या दुपटीतिपटीनं रुंद आणि पोपटी, आसपासच्या गडद फेस्क्यूमध्ये (आमच्याकडे लॉनसाठी पेरतात ते गवत) डाग पडल्यासारखं. आणखी खात्री हवी असेल तर पान खोडाला जुळतं तो सांधा उलगडा. तिथे हरळीला बारीक केसांची झालर असते, क्रॅबग्रासला पातळ पापुद्रा. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर फोनचा कॅमेरा पुरतो.

पण खरा फरक जमिनीखाली आहे. क्रॅबग्रास वर्षायू. वसंतात वरच्या थरातली माती सलग काही दिवस १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली की बी रुजतं, उन्हाळाभर माजतं, आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत मरतं. मागे राहतं ते बी, आणि ते हजारोंनी. हरळी बारमाही. जमिनीवर धावणाऱ्या फांद्या वेगळ्या आणि मातीखालच्या काशा, म्हणजे आडवी खोडं, वेगळ्या. थंडीत ती वाळल्या पेंढ्याच्या रंगाची होते, माणसाला वाटतं गेली, आणि मे महिन्यात त्याच जागेवरून फुटते. उसाच्या कांडीला जसा डोळा, तसा काशीच्या प्रत्येक पेराला. मी उपटताना जेवढे तुकडे मातीत सोडले, तेवढी लागवडच केली म्हणायची. आमच्याकडे हरळी माजलेलं रान उन्हाळ्यात खोल नांगरून काशा वेचायचे आणि उरलेल्या वैशाखाच्या उन्हात वाळू द्यायचे. समोरच्या लॉनमध्ये नांगर घातला तर एचओएचं पुढचं पत्र काय येईल, सांगायला नको.

म्हणून उपायही वेगळे. क्रॅबग्रास ऑगस्टमध्ये दिसलं तर जीव काढू नका. तुरे यायच्या आत जमेल तेवढं उपटा, बाकीचं थंडी बघून घेईल. खरं काम पुढच्या वसंतात. फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं गळायच्या आत प्री-इमर्जंट, म्हणजे तण उगवायच्या आधी टाकायचं तणनाशक, टाकायचं, म्हणजे बी रुजतानाच मरतं. फक्त त्याच सुमाराला फेस्क्यूचं बी पेरू नका. औषधाला आपलं बी आणि परकं बी ओळखता येत नाही. एका शेजाऱ्यानं एकाच शनिवारी दोन्ही उरकलं होतं. बियाण्याचे पैसे सरळ मातीत गेले.

काशांतून फुटणाऱ्या हरळीवर हे प्री-इमर्जंट काहीही करत नाही. ती भर उन्हाळ्यात जोमात वाढत असताना ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं, परत फुटली की परत मारायचं, आणि सप्टेंबरात मोकळ्या जागी फेस्क्यू पेरायचं. त्या पट्ट्यातलं चांगलं गवतही त्यात मरतं, हे आधी घरात सांगून ठेवा. आणि दुकानात खतासकट मिळणारं तणनाशक, ज्यात बहुधा २,४-डी असतं, ते या दोघांपैकी कुणालाच मारत नाही. ते रुंद पानांच्या डँडेलियन आणि क्लोव्हरसाठी आहे. मी दोन पिशव्या टाकल्यावर पाकिटामागचं वाचलं.

दोघांनाही एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. मोअरचं पातं साडेतीन-चार इंचांवर ठेवलं की फेस्क्यूच्या सावलीत क्रॅबग्रासचं बी फारसं रुजत नाही, हरळीही दबकते. माझ्यासारख्याला याहून प्रिय सल्ला नाही. गवत उंच ठेवा, कमी कापा.

मुळात कापायचं कशाला, हा प्रश्न उरतोच. एडविन बडिंग या इंग्रजानं १८३० मध्ये गवत कापायचं यंत्र काढलं, त्याआधी गुळगुळीत हिरवळ हे विळेकरी आणि मेंढ्या पदरी असलेल्या जमीनदारांचं काम होतं. पुढे ती अमेरिकेतल्या मध्यमवर्गाच्या गळ्यात पडली. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ वसलेल्या लेव्हिटटाउनमध्ये तर दर आठवड्याला गवत कापायची अट घराच्या करारातच होती. क्लोव्हर तोवर लॉनच्या बियाण्यात मुद्दाम मिसळत. १९४० च्या दशकात २,४-डी आलं, त्यानं क्लोव्हरही मरू लागलं, आणि बघता बघता क्लोव्हर तण ठरलं. उपग्रहाच्या माहितीवरून २००५ साली केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत लॉनखाली सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर जमीन आहे. निम्म्याहून जास्त महाराष्ट्र, आणि चाऱ्याची एक पेंढी नाही.

तण कुणाला म्हणायचं हे गावावर आहे. डॅलसमधल्या माझ्या आतेभावाच्या लॉनमध्ये हरळी हेच लॉन. तो तिला खत घालतो आणि तिच्यात फेस्क्यूचा ठोंब दिसला की उपटतो. जॉर्जियातल्या टिफ्टनमध्ये ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं हरळी आणि आफ्रिकेतली तिची बहीण यांच्या संकरातून मैदानांसाठी वाण काढले. टिफवे ४१९ हा त्यातलाच, दक्षिणेतल्या कितीतरी फुटबॉल मैदानांवर तो पसरलेला आहे.

गणपतीत आमच्या मंडळात दरवर्षी कुणीतरी पिशवीभर ‘दूर्वा’ घेऊन येतं आणि आत निघतं क्रॅबग्रास. लांब, रुंद, पोपटी पानं. आईनं मागच्या वर्षी कॉलवर ती जुडी बघितली. “असू दे, पण त्रिदल तरी निवडा रे,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून ड्राइव्हवेच्या उजव्या कडेची हातभर पट्टी मी तशीच ठेवली आहे. तिथे औषध मारत नाही, नाहीतर एकवीस कोवळे शेंडे खुडायचे कुठून? पत्र आलंच, तर क्रॅबग्रास नाही असं लिहून कळवायचं ठरवलंय. ते खरंच आहे.